दूरसागरी शर्यत, हौशी क्रू आणि देणगीचा पैसा : पार्श्वभूमी

हौशी क्रू शिडाच्या बोटीतून दूरसागरी शर्यतीत उतरतो आणि त्या निमित्ताने एखाद्या धर्मादाय कामासाठी निधी गोळा करतो, तेव्हा दोन वेगळ्या परंपरा एकाच बोटीवर चढलेल्या असतात. हौशी खलाशांची परंपरा सव्वाशे वर्षांच्या आसपास जुनी आहे. पैसे भरून बर्थ (बोटीवरची क्रूची जागा) घेण्याच्या परंपरेला अजून चाळीस वर्षंही झालेली नाहीत. आजचे बहुतेक वाद या दोन्हींची सरमिसळ झाल्यामुळे उभे राहिलेत.

सुरुवातीच्या काळात हौशी माणूस बोटीवर जवळजवळ नव्हताच. डिसेंबर १८६६ मध्ये तीन स्कूनर (दोन किंवा अधिक डोलकाठ्यांच्या शिडाच्या बोटी) न्यूयॉर्कहून इंग्लंडच्या वाइट बेटाकडे निघाल्या. प्रत्येक मालकाची ३०,००० डॉलरची पैज होती, पण तिघांपैकी एकच मालक प्रत्यक्ष बोटीवर होता. वाटेत एका बोटीच्या कॉकपिटवर लाट कोसळली आणि सहा पगारी माणसं गेली. १९०६ मध्ये ब्रुकलिनहून बर्म्युडाला पहिली शर्यत झाली ती लहान बोटी आणि बिनपगारी माणसंही खोल समुद्रात जाऊ शकतात हे दाखवण्यासाठी. तीनच बोटी उतरल्या, त्यातली सर्वांत छोटी २८ फुटांची. १९२५ मध्ये सात बोटी आयर्लंडच्या नैर्ऋत्य टोकाजवळच्या फास्टनेट खडकाला वळसा घालून प्लिमथला आल्या आणि एका जुन्या पायलट कटरने (बंदराच्या वाटाड्यांची ने-आण करणाऱ्या बोटीने) शर्यत जिंकली. १९४५ पासून सिडनी-होबार्ट सुरू झाली, ६२८ सागरी मैलांची.

‘हौशी’ या शब्दाचा गुंता इथूनच सुरू होतो. एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटिश नौकानयनात पगारी खलाशी न घेता स्वतः बोट हाकणाऱ्यांना ‘कोरिंथियन’ म्हणत. कोण मजुरी घेतो आणि कोण घेत नाही, एवढाच त्या शब्दाचा अर्थ; बोट कोणाला चांगली हाकता येते याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. आजचं आंतरराष्ट्रीय वर्गीकरणही त्याच पायावर उभं आहे. त्यात गट एक हौशी आणि गट तीन व्यावसायिक. मधला दुसरा गट रद्द झाला, पण क्रमांक तसेच राहिले. शिडं शिवण्याचा व्यवसाय असलेला माणूस सुट्टीत मित्राच्या बोटीवर आला तरी तो गट तीनमध्ये जाऊ शकतो, कारण बोटीचा वेग वाढवणाऱ्या ज्ञानावर त्याचं पोट चालतं. उलट, चार महिन्यांपूर्वी पहिल्यांदा विंच फिरवलेला माणूस आणि तीस वर्षं समुद्रावर काढलेली शिक्षिका, दोघंही गट एकमध्ये. मराठीत ‘हौशी’ म्हटलं की ‘नवखा’ असा अर्थ सहज चिकटतो, तसाच तो इंग्रजीतही चिकटतो. देणगीदारांना पाठवलेल्या पत्रकात ‘आमचा क्रू पूर्णपणे हौशी आहे’ असं छापलं जातं तेव्हा वाचणारा ‘अननुभवी’ असं वाचतो आणि धाडसाचं मोल वाढवून धरतो. हा शब्द निधीसंकलनात जपूनच वापरायला हवा.

नियमांची आजची घडी घातली ती ऑगस्ट १९७९ च्या फास्टनेट शर्यतीने. ३०३ बोटी निघाल्या, ८५ पोचल्या. १३-१४ ऑगस्टच्या रात्रीच्या वादळात १५ स्पर्धक दगावले. क्रूने २४ बोटी सोडून दिल्या. त्यातल्या पाचच बुडाल्या, उरलेल्या १९ नंतर तरंगत्या सापडल्या. याचा अर्थ बरीच माणसं तग धरू शकणारी बोट सोडून तग न धरणाऱ्या तराफ्यात उतरली होती. तराफ्यात ‘वर चढायची’ वेळ येईपर्यंत, म्हणजे बोट बुडत तराफ्याहून खाली जाईपर्यंत, ती सोडू नये, ही शिकवण तेव्हापासून प्रत्येक सुरक्षा वर्गात दिली जाते. दुसरा धडा अगदी छोट्या वस्तूचा होता. केबिनच्या दारात बसवायच्या आडव्या फळ्या खाली निमुळत्या होत जाणाऱ्या खाचेत बसत. बोट उलटली की फळी दोन-तीन इंच सरकताच खाचेतून पूर्ण सुटायची आणि केबिनमध्ये पाणी घुसायचं. आज प्रत्येक फळीला दोरी असते, आणि फळी आतून तशीच बाहेरूनही अडकवता येते. हार्नेसची (अंगावर बांधायच्या सुरक्षा पट्ट्यांची) बांधणी आणि ते अडकवायच्या जागांची मजबुती हेही त्या शर्यतीच्या चौकशी अहवालातून पुढे आलं. १९९८ च्या सिडनी-होबार्टमध्ये ११५ पैकी ४४ बोटी पोचल्या, सहा जण गेले, आणि प्रशिक्षणाची सक्ती आणखी घट्ट झाली.

म्हणून आज फास्टनेटमध्ये उतरायचं तर नुसती नोंदणी पुरत नाही. स्किपर आणि किमान निम्मा क्रू यांनी आधीच्या वर्षभरात एकत्र ३०० सागरी मैलांचा शर्यतीचा अनुभव घ्यावा लागतो आणि क्रूपैकी ठरावीक जणांनी समुद्रात तगून राहण्याचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. भाड्याच्या बोटीवर धर्मादाय मोहीम काढणाऱ्यांचा पहिला अंदाज इथेच चुकतो. निधीचं पत्रक आधी निघतं, शर्यत उन्हाळ्यात असते आणि पात्रतेच्या दोन-तीन शर्यती वसंतात होऊन गेलेल्या असतात. त्यातली एक वाऱ्याअभावी अर्धवट राहिली तर मैल भरत नाहीत.

पहिल्या रात्रीचं गणितही पुष्कळांना माहीत नसतं. वाइट बेटावरच्या काउजहून फास्टनेटची सुरुवात पश्चिमेकडे जाणाऱ्या ओहोटीबरोबर ठेवलेली असते. वारा नैर्ऋत्येचा असेल तर तो प्रवाहाच्या तोंडावर येतो, आणि बेटाच्या पश्चिम टोकाच्या नीडल्स खडकांजवळच्या अरुंद वाटेत आखूड, उभ्या लाटा उसळतात. पहिल्या काही तासांतच क्रूला बोट लागते. उलटीची गोळी आदल्या रात्रीपासून घ्यायची असते. ओकाऱ्या सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. आठ जणांचा क्रू चार-चार तासांच्या दोन पाळ्यांत विभागलेला असतो. त्यातले तिघं आडवे झाले की उरलेल्या पाचांत सुकाणू धरू शकणारे दोनच निघतात, तेच आठ-आठ तास उभे राहतात, आणि रीफ घ्यायला (वारा वाढल्यावर शीड आखडायला) उशीर होतो. चुका त्यानंतर होतात. २०२३ मध्ये चारशेहून अधिक बोटी उतरल्या त्या वर्षी पहिल्याच दिवसात कितीतरी बोटींनी माघार घेतली, तीही याच पट्ट्यात.

पैसे भरून येणाऱ्या क्रूची परंपरा मोठ्या प्रमाणावर रुजली ती १९९२-९३ च्या जगप्रदक्षिणेने. एकसारख्या दहा पोलादी बोटी, प्रत्येकी ६७ फुटी, वाऱ्याविरुद्ध पश्चिमेकडे. प्रत्येक बोटीवर स्किपर तेवढा व्यावसायिक, बाकी सगळे बर्थचे पैसे भरून आलेले. त्या शर्यतीला मुलांसाठी काम करणाऱ्या एका धर्मादाय संस्थेची जोड होती. दक्षिण महासागरात डोलकाठीच्या तारा ताणून धरणारे रिगिंग स्क्रू एकामागून एक तुटू लागले आणि एका बोटीची डोलकाठीच गेली. वाऱ्यावर चढत जाणारी बोट प्रत्येक लाटेवरून आपटते. वाऱ्याच्या आडोशाकडची तार दर वेळी सैल पडते आणि झटका बसून ताठते. अशा हजारो झटक्यांनी धातू थकतो आणि तडा आटे सुरू होतात तिथून जातो. सगळ्या बोटी सारख्या असण्याचा फायदा शर्यतीला, तोटा देखभालीला: एका बोटीवर सापडलेला दोष दहाही बोटींवर असतो. १९९६ पासून याच धर्तीवर आणखी एक जगप्रदक्षिणा सुरू झाली, आठ बोटींनिशी, आणि ती आजही चालू आहे.

त्याच मालिकेत २०१५ ते २०१७ या काळात तिघांचा मृत्यू झाला. पहिला पोर्तुगालजवळ, अचानक झालेल्या जाईबमध्ये (वारा मागून असताना शीड एका बाजूकडून दुसरीकडे फिरलं तेव्हा) मेनशीटचा, म्हणजे मुख्य शिडाच्या दोराचा, फटका बसून. दुसरा पॅसिफिकमध्ये, टेदर (हार्नेस बोटीला जोडणारा पट्टा) अडकवलेलं नसताना लाटेने ओढल्यामुळे. तिसरा हिंदी महासागराच्या दक्षिण भागात, आणि इथे टेदर व्यवस्थित अडकवलेलं होतं. टेदरच्या टोकाचा हूक डेकवरच्या क्लीटखाली (दोर बांधायच्या खुंटीखाली) आडवा अडकला, माणूस बोटीबाहेर लोंबकळत असताना भार हुकाच्या लांबीत न येता बाजूने आला, हूक वाकला आणि उघडला. हुकाची चाचणी सरळ ताणाची असते. आडव्या भाराखाली तो त्या क्षमतेच्या पुष्कळ आधीच हार मानतो. म्हणून जॅकस्टे (टेदर अडकवायची डेकवरची लांब पट्टी) बांधताना टेदर पूर्ण पल्ल्याने फिरवून हूक कुठे क्लीटखाली, कुठे दोरवाहिनीच्या कोपऱ्यात अडकतो ते पाहायचं आणि जॅकस्टे तिथून हलवायचा. भाड्याने घेतलेल्या लाइफजॅकेटचंही तसंच. १५० न्यूटनच्या जॅकेटला साधारण ३३ ग्रॅम वायूचं सिलिंडर असतं. ते सोडवून, भोक पडलेलं नाही ना पाहून, वजन त्याच्यावर कोरलेल्या आकड्याशी ताडून, हाताने पुन्हा घट्ट करायचं. वापरात ते हळूहळू सैल होतं आणि पाण्यात पडल्यावर जॅकेट फुगतच नाही.

तीन मृत्यूंनंतरचा सर्वांत वादग्रस्त निर्णय म्हणजे २०१९-२० पासून प्रत्येक बोटीवर स्किपरसोबत दुसरा पात्रताधारक माणूस ठेवणं. विरोध करणाऱ्यांचं म्हणणं, यात हौशीपणाच जातो. बाजूने बोलणाऱ्यांचा प्रश्न सरळ होता: स्किपर झोपलेला असतो तेव्हा बोट कोणाच्या हाती असते? या मुद्द्यावर बाजू घ्यायला कचरण्याचं कारण नाही. पैसे भरून आलेल्या माणसाला कागदावर ‘क्रू’ म्हटलं तरी मध्यरात्री शिडं उतरवायची की नाही हे ठरवण्याचा अनुभव त्याच्याकडे आपोआप येत नाही. दुसरा माणूस आधीच हवा होता.

पैशाचा गुंताही बर्थपासूनच सुरू होतो. बोटभाडं, प्रवेशशुल्क, तराफ्याचं भाडं, प्रशिक्षण, बोट परत नेण्याचा खर्च, हे सगळं क्रूने स्वतः भरलं तर जमलेली देणगी जशीच्या तशी संस्थेला जाते. जमलेल्या पैशातूनच बर्थ भरला जात असेल तर देणाऱ्याला ते आधी आणि स्पष्ट सांगायला हवं. ब्रिटनमध्ये देणगीच्या प्रत्येक पाउंडामागे संस्थेला सरकारकडून २५ पेन्स मिळू शकतात. पण सहभागाचा खर्च निधीतून होत असेल तर स्वतः सहभागी आणि त्याचे जवळचे नातेवाईक यांच्या रकमेवर ही सवलत सहसा लागू होत नाही, कारण त्या पैशाच्या बदल्यात सफर मिळालेली असते. खाती पहिल्या दिवसापासून वेगळी नसतील तर कोणता पाउंड कोणाचा हे नंतर लावता येत नाही.

याहून गंभीर चूक आहे ती देणगी मैलांना किंवा शर्यत पुरी होण्याला बांधण्याची. ‘प्रत्येक सागरी मैलामागे अमुक’ ही कल्पना चालण्या-धावण्याच्या उपक्रमांतून आली. तिथे थकलेला माणूस रस्त्याकडेला बसू शकतो. बोटीवर मात्र स्किपर रात्री दोन वाजता इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या पोर्टलंडच्या प्रवाहासमोर उभा असतो, तिघं आजारी, मेनसेलला (मुख्य शिडाला) फाट, आणि आता वळलं तर फास्टनेटच्या ६९५ मैलांपैकी थोडेच मोजले जाणार हे सगळ्यांना ठाऊक असतं. कोणी बोलून दाखवत नाही, पण ते ओझं निर्णयावर बसतंच. म्हणून अनुभवी मोहिमांच्या देणगीपत्रकावर आता एकच अट असते: सुरुवातीची रेषा ओलांडली की देणगी पक्की, पुढे बोट कुठवरही जावो. सुरुवातच रद्द झाली तर काय, तेही त्याच ओळीत लिहिलेलं असतं. माघारीचा संदेश शर्यतीच्या कार्यालयाला कोण देणार, घरच्यांना कोण कळवणार आणि निधीच्या पानावर कोण लिहिणार, ही तीन नावं बोट धक्क्याला असतानाच चार्ट टेबलावर चिकटवली जातात. तिसरं नाव किनाऱ्यावरच्याच माणसाचं ठेवतात, म्हणजे बोटीवरच्या कोणालाही त्या रात्री देणगीदारांचा विचार करावा लागत नाही.