पॅरागस की जेरॉन? ज्वारीच्या दाण्याएवढ्या दोन माश्या

गेल्या जानेवारीत सोलापूरजवळच्या नान्नजच्या अलीकडे, करडईच्या रानाच्या बांधावर एक फोटो मिळाला आणि मी तो ओळखीच्या सगळ्यांना पाठवून मोकळा झालो : ‘जेरॉन सापडली!’ तीन वर्षं या माशीच्या मागे होतो. तिच्यासाठी महाबळेश्वर-पाचगणीची पठारं दोनदा पालथी घातली होती. रात्री फोटो लॅपटॉपवर मोठा करून बघितला, तर माशीच्या डोळ्यांवर बारीक पांढुरक्या केसांचे उभे पट्टे. जेरॉनच्या डोळ्यांवर असलं काही नसतं. ती पॅरागस निघाली. सगळ्यांना पुन्हा मेसेज करावे लागले.

चूक माझीच, पण माश्याही तशाच आहेत. दोन्ही चार-पाच मिलिमीटरच्या, म्हणजे ज्वारीच्या दाण्याएवढ्या. दोन्ही काळसर. दोन्ही एकदांडीच्या किंवा सराट्याच्या फुलावर येतात, हवेत जागच्या जागी तरंगतात. दोघींना पंखांची एकच जोडी. दुसऱ्या जोडीच्या जागी तोल सांभाळणारे टाचणीसारखे दोन दांडे. डंख दोघींनाही नाही. लांबून बघणाऱ्याला तर ती चिलटंच वाटतात.

घराणी मात्र वेगळी. पॅरागस सिरफिड माश्यांपैकी. करडई-ज्वारीवरच्या माव्याचा, म्हणजे पिकाचा रस शोषणाऱ्या बारीक किडीचा, बंदोबस्त करणारी ‘मित्रकीड’ म्हणून शेतीच्या माहितीपत्रकांत हे नाव वाचलेलं असेल. जेरॉन ही बी-फ्लाय या कुळातली. या कुळाला रुळलेलं मराठी नाव माझ्या तरी कानावर आलेलं नाही. मी आपला ‘केसाळ माशी’ म्हणतो. जगात सिरफिडांच्या सुमारे ६,००० जाती आहेत, बी-फ्लायच्या सुमारे ५,०००. त्यामुळे खाली जे सांगतोय त्याला अपवाद निघणारच.

आधी तोंड बघायचं. फोटो बाजूने काढलेला असेल तर निम्मं काम इथेच होतं. जेरॉनच्या तोंडातून एक लांब, ताठ, दाभणासारखी सोंड पुढे आलेली असते. फुलपाखरासारखी ती गुंडाळता येत नाही. बसलेली असो वा उडत असो, सोंड पुढेच. पॅरागसचं तोंड घरमाशीच्या वळणाचं, टोकाला स्पंज असलेलं आणि आखूड. वरून पाहिलं तर ते दिसतही नाही. माझा फोटो नेमका वरून काढलेला होता.

मग पाठ. जेरॉनला कुबड असतं. छातीचा भाग इतका फुगीर की डोकं त्याच्याखाली लटकवल्यासारखं दिसतं. अंगावर रुपेरी-सोनेरी लव असते आणि ती फार कच्ची. जाळीत धरलेली माशी हातात येईपर्यंत निम्मी टक्कल पडलेली असते. म्हणून ही माशी पकडण्यापेक्षा जिवंतपणी फोटोत धरलेली बरी. पॅरागसचं अंग त्या मानाने गुळगुळीत, चेहरा पिवळा, आणि काही जातींत पोटाचा मागचा भाग तांबूस.

पंख कसे ठेवलेत यावर फार विसंबू नका. मोठ्या बी-फ्लाय बसल्यावर पंख दोन्ही बाजूंना तिरपे पसरून ठेवतात, जेट विमानासारखे. पॅरागस ते पाठीवर मिटते. पण बी-फ्लायच्या काही छोट्या जातीही पंख मागे घेऊन बसतात, आणि त्यातच माझ्यासारखा फसतो. त्यापेक्षा पंखातल्या शिरा बघाव्यात. सिरफिडच्या पंखात मधोमध एक खोटी शीर असते. ती कुठून निघत नाही आणि कुठे पोचत नाही, नुसतीच एक जाडसर रेघ. सोलापुरी टॉवेलच्या विणीत एखादा सुटा धागा राहून गेलेला दिसतो ना, तशी. ती दिसली की सिरफिड, वाद संपला. बी-फ्लायच्या पंखात ती नसते.

उडण्यातही फरक आहे, पण तो डोळ्याला सवय झाल्यावर कळतो. पॅरागस गवताच्या काड्यांमधून बुटकी-बुटकी, शोधल्यासारखी उडते. ती शोधत असतेच : मावा कुठे लागलाय ते.

खरी गंमत पोरांच्यात आहे. पॅरागसची मादी माव्याच्या वसाहतीत एकेक अंडं घालते. त्यातून निघणारी अळी बिनपायाची, आंधळी, पण भूक जबर. ती मान फिरवत चाचपडते, एक मावा तोंडात धरते, उचलून हवेत टांगते आणि रस शोषून झाला की रिकामं सालपट टाकून देते. वाढ पूर्ण होईपर्यंत असे शेकडो मावे संपतात. हे एकदा भिंगातून बघा. चार वेळा तरी बघाल.

बी-फ्लायचं सगळंच गुपचूप. पुष्कळ जातींच्या माद्या जमिनीत घर करणाऱ्या एकट्या मधमाश्यांच्या बिळांवर तरंगतात आणि पोटाला हिसका देऊन अंडी वरूनच आत फेकतात. बऱ्याच जणींच्या पोटाच्या टोकाला एक पोकळी असते. तीत आधी बारीक माती भरून घेतात आणि अंडं त्या मातीत घोळवून टाकतात. अळी बाहेर आली की स्वतःच बिळात शिरते आणि मधमाशीच्या वाढत्या अळीवर जगते. काही जाती नाकतोड्यांच्या अंड्यांवर वाढतात. जेरॉनची पोरं छोट्या पतंगांच्या अळ्यांमध्ये वाढतात.

त्या बांधावर मी जुनी चादर अंथरून पालथा पडलो होतो, तेव्हा रानाचे मालक जवळ येऊन उभे राहिले.

“काय हुडकायलाव सायेब? काय हरवलंय का?”

“नाही मामा, माशी शोधतोय.”

“माशी? आमच्या गोठ्यावर चला की.”

मग मी त्यांना करडईच्या शेंड्यावरची हिरवट अळी दाखवली. ती त्यांना रोज दिसत होती. पीक खाणारी अळी समजून ते ती चिरडत होते. भिंग हातात दिलं. अळीने एक मावा उचलला. मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “मग गेल्या साली आम्ही फवारा मारून हिलाच मारली की.”

आता फोटोचं. एकास एक मॅक्रो लेन्सवर, म्हणजे सेन्सरवर वस्तू खऱ्या आकारात उमटते तेव्हा, चार मिलिमीटरची माशी साध्या डीएसएलआरच्या चौकटीच्या रुंदीचा जेमतेम सहावा भाग व्यापते. लेन्सचं छिद्र एफ ११ इतकं बारीक ठेवलं तरी नेटकी दिसणारी खोली मिलिमीटरभराचीच; डोळा धरला तर पंख जातो. त्यामुळे माशीच्या बाजूला, तिच्या पातळीवर, काटकोनात यायचं, म्हणजे सोंड, डोळा आणि पंख एका सपाटीत येतात. फ्लॅशपुढे दुधाच्या रिकाम्या पिशवीचा तुकडा लावला की अंगावरची चमक मरते. कोपराखाली काहीतरी घ्या. सराट्याचा काटा चादरीतूनही लागतो, हे मी रक्त काढून शिकलोय. आणि तुमची सावली फुलावर पडू देऊ नका. पडली की माशी गेली.

वेळ महत्त्वाची. दोघींनाही ऊन लागतं, पण जेरॉनला जास्त. बी-फ्लाय हे कुळच मुळात कोरड्या, उघड्या जमिनीचं. महाबळेश्वरला दोन्ही वेळा मी धुक्यात आणि ओल्या गवतात शोधत होतो. तिथे सिरफिड भरपूर मिळाल्या. डोंगरावर एक गोष्ट मात्र शिकलो. बऱ्याच माश्यांचे नर सगळ्यात उंच जागी जमतात. आजूबाजूला मादी शोधत भटकण्यापेक्षा माथ्यावर थांबलेलं बरं, असा हिशोब. हा हिशोब सपाट मुलखातही चालतो. आमच्याकडे शिखर नाही, पण माळावर दहा-पंधरा फुटांचं टेकाडही आजूबाजूला उंचच.

या ऑक्टोबरात, ऊन चांगलं तापल्यावर, त्याच बांधाच्या पलीकडच्या टेकाडावर जाऊन बसलो. दोन तास उघडी माती आणि एकदांडीची फुलं. मग वाळलेल्या काडीच्या टोकावर एक कुबडा ठिपका येऊन बसला. तीन फोटो निघाले. पहिल्यात नुसती काडी. दुसऱ्यात माशी, पण वरून, म्हणजे पुन्हा जानेवारीचाच घोळ. तिसऱ्यात ती बाजूने आलीय. पंख धूसर आहे, पण सोंड टोकापर्यंत स्वच्छ दिसतेय आणि तिच्यावर पिवळ्या परागाचे दोन कण आहेत.

हा फोटो मी अजून कुणाला पाठवलेला नाही. मामांना मात्र मोबाइलवर दाखवला. त्यांनी बघितला, मान हलवली आणि विचारलं, “ही पण मावा खाती का?”