हाड जोडते कोण? देव, दोस्त की स्क्लेरोस्टिन

गोव्यातल्या इंग्रजी दैनिकांच्या छोट्या जाहिरातींत संत ज्यूड किंवा सायबिणीचे (मेरीमातेचे) आभार मानणारी एखादी चौकट दिसतेच. मागणे मान्य झाले म्हणून आभार, खाली नुसती आद्याक्षरे. आपल्या हिंदू घरांत हे छापायची रीत नाही. आपण ओटी भरतो, नारळ ठेवतो, बोललेला नवस फेडतो. भावना तीच.

माझ्या भाच्याची मोटारसायकल भर पावसात बोरीच्या उतारावर घसरली आणि त्याच्या उजव्या पायाची नडगी मोडली. ऑपरेशन करून आत रॉड घातला. आता तो चालतो, कामावर जातो, आणि घरात श्रेयाची वाटणी सुरू आहे. बहिणीच्या मते कवळ्याच्या शांतादुर्गेने राखले. त्याचा लहानपणापासूनचा सासष्टीचा दोस्त म्हापशाला मिलाग्रीस सायबिणीला तेल घालून आला होता, तेव्हा अर्धा वाटा तिचा. (सायबीण ही शिरगावच्या लईराईची बहीण, असे आपण मानतोच, म्हणजे मामला घरातलाच.) मेहुणे म्हणतात, सगळे त्या रॉडने केले. आणि घराण्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीतरी टाकले की श्रद्धेच्या क्वांटम लहरींमुळे हाडाच्या पेशी जाग्या होतात.

शेवटचे वाचून मी हा लेख लिहायला बसलो. हाडाच्या पेशींना खरोखरच जागे करावे लागते, पण ते करणारी गोष्ट साधी आहे आणि मोजता येते. ती म्हणजे भार.

मोडलेले हाड सिमेंटसारखे सुकते, म्हणून सुकेपर्यंत हलवायचे नाही, ही समजूत घरोघर आहे. तिच्यामुळेच 'पाय खाली टेकवू नकोस हां' हे वाक्य आजारी माणसाच्या खोलीत दिवसातून दहा वेळा ऐकू येते. प्रत्यक्षात तिथे सुकत काहीच नाही. मोडल्या जागी आधी रक्त साकळते. त्या गाठीत दाह सुरू होतो, आणि हा दाह हवाच असतो, कारण त्याच्याच हाकेवर दुरुस्तीच्या पेशी गोळा होतात. दोन-तीन आठवड्यांत तिथे मऊ कूर्चा तयार होते, पुढे तिच्यात कॅल्शियमचे क्षार बसतात आणि ओबडधोबड हाड बनते. यालाच कॅलस म्हणतात. एक्स-रेमध्ये मोडीभोवती ढगाळ फुगवटा दिसतो तो हाच. नंतर जास्तीचे हाड कुरतडून काढायचे आणि हवे तिथे नवे घालायचे, हे काम पुढे कित्येक महिने, कधी काही वर्षे चालते. नडगीच्या पुढच्या आतल्या बाजूला कातडीखाली थेट हाडच लागते, मांसाचे आवरण नाही. त्यामुळे तिथला रक्तपुरवठा बेताचा, आणि जुळायला चार ते सहा महिने सहज लागतात.

मोडीच्या जागी किती हालचाल चालते, याचा हिशेब स्विस शल्यविशारद स्टीफन पेरेन यांनी मांडला. दोन तुकड्यांमधल्या फटीत बसलेली ऊती तिच्या लांबीच्या दोन टक्क्यांपेक्षा कमी ताणली जात असेल तर थेट हाड बनू शकते. दोन ते दहा टक्क्यांच्या दरम्यान कूर्चा टिकते. त्याहून जास्त हलले तर नुसती तंतुमय ऊती राहते आणि हाड जुळत नाही. म्हणजे फार हलवणे वाईटच. पण अजिबात न हलवणेही फायद्याचे नाही. १९८५ साली इंग्लंडमध्ये गुडशिप आणि केनराइट यांनी मेंढ्यांच्या मोडलेल्या नडगीला रोज थोडा वेळ, सुमारे एक मिलिमीटरची हालचाल यंत्राने दिली. ज्यांचे हाड ताठ जखडून ठेवले होते त्यांच्यापेक्षा या मेंढ्यांचे हाड चांगले जुळले.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. भार आला हे हाडाला कळते कसे?

हाडातल्या नव्वद टक्क्यांहून अधिक पेशी ऑस्टिओसाइट जातीच्या असतात. मुळात या हाड बनवणाऱ्या पेशीच, म्हणजे ऑस्टिओब्लास्ट. काम करता करता त्या आपणच घातलेल्या हाडात गाडल्या जातात आणि इवल्या खळग्यांत राहतात. प्रत्येकीला पन्नासएक बारीक तंतू फुटलेले असतात. ते हाडातल्या सूक्ष्म नळ्यांतून जाऊन शेजारणींच्या तंतूंना भिडतात. नळीची जाडी एका मायक्रॉनहूनही कमी. तंतू आणि नळीची भिंत यांच्यामध्ये जी फट उरते तिच्यात द्रव भरलेला असतो.

इथे एक कोडे होते. चालताना आपले हाड जेमतेम एक दशांश टक्का दबते. प्रयोगशाळेत पेशी बशीत वाढवून तेवढाच ताण दिला तर त्या ढिम्म हलत नाहीत. त्यांना जाग यायला याच्या दसपट किंवा त्याहून जास्त ताण लागतो, आणि तेवढा ताण खऱ्या हाडाला दिला तर हाडच मोडेल! मग चालण्याने हाड मजबूत होते ते कसे? न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजमधले शेल्डन वाइनबाउम, स्टीफन काउइन आणि त्यांचे सहकारी १९९०च्या दशकात या कोड्यामागे लागले. त्यांचे म्हणणे असे, की पेशीला हाडाचा ताण थेट पोहोचतच नाही. हाड किंचित वाकले की एका बाजूच्या नळ्या दाबल्या जातात आणि द्रव दुसऱ्या बाजूला सरकतो. तंतू आणि भिंत यांना जोडणारे रेणूंचे बारीक धागे त्या वाहत्या द्रवात ओढले जातात आणि तंतूचे आवरण चहूबाजूंनी खेचतात. अशा रीतीने हाडाचा नगण्य ताण पेशीपाशी पोहोचेपर्यंत कितीतरी पटींनी वाढलेला असतो.

जागी झालेली पेशी करते काय? एक प्रथिन बनवायचे कमी करते. त्याचे नाव स्क्लेरोस्टिन. हे प्रथिन म्हणजे हाड बनवण्याच्या कामावरचा ब्रेक आहे, कारण ऑस्टिओब्लास्टना कामाला लावणारा 'विंट' नावाचा संदेश ते अडवून धरते. दक्षिण आफ्रिकेतल्या आफ्रिकानेर कुटुंबांत एक दुर्मीळ आनुवंशिक विकार आढळतो. त्यात हाडे वाढतच राहतात, कवटी इतकी जाड होते की मज्जातंतू चेपतात. त्याचे मूळ शोधताना २००१ साली या प्रथिनाचे जनुक हाती लागले. पुढे असे दिसले की हाडावर भार टाकला की स्क्लेरोस्टिन उतरते आणि भार काढला की चढते. अंतराळवीरांच्या खुब्याचे हाड महिन्याला एक ते दीड टक्का झिजते, त्यामागे हेही एक कारण आहे. अंथरुणावर पडून राहिलेल्या माणसाचीही गत थोडीफार तीच.

हे कळल्यावर औषध कंपन्या स्वस्थ बसणे शक्य नव्हते. स्क्लेरोस्टिनला अडवणारे रोमोसोझुमॅब हे औषध २०१९ मध्ये अमेरिकेत ठिसूळ हाडांसाठी मंजूर झाले आणि तिथे ते चांगले काम करते. पण ताज्या मोडलेल्या नडगीवर त्याची चाचणी घेतली तेव्हा हाड लवकर जुळले नाही. म्हणजे एक ब्रेक सोडला की गाडी धावलीच, इतके हे सोपे नाही. 'हाडे जोडणारे क्रांतिकारी इंजेक्शन' असा मथळा दिसला तर पुढे सरकायला हरकत नाही.

भाराबद्दलची आणखी एक गोष्ट माझ्या मुद्द्यासाठी फार महत्त्वाची आहे. भार हलता हवा. नुसता ठेवून दिलेला भार हाडाच्या लेखी शून्य, कारण द्रव एकदा सरकून थांबतो. आणि तो भार फार वेळाही लागत नाही. रुबिन आणि लॅन्यन यांनी १९८४ साली पक्ष्यांच्या पंखातल्या हाडावर प्रयोग केले. दिवसाला चार वेळा भार दिला तर हाड आहे तसे टिकले, ३६ वेळा दिला तर वाढले, आणि शेकडो वेळा देऊनही ३६ पेक्षा जास्त फायदा झाला नाही. थोडे, पण रोज, हा हाडाचा खुराक आहे.

रोज थोडे, हे ऐकायला सोपे. भाच्याला ते कसे शिकवले ते मी पाहिले. फिजिओथेरपिस्टने जमिनीवर साधा वजनकाटा ठेवला. हात कुबड्यांवर, डावा पाय जमिनीवर, उजवा काट्यावर. काटा वीस किलोवर येईल एवढेच दाबायचे, सोडायचे, पुन्हा दाबायचे. धट्टाकट्टा पोरगा, पण काटा सात-आठच्या पुढे जाईना. घाम फुटला. दुखते का विचारले तर म्हणाला, "दुखत नाही मामा, दुखेल असे वाटते."

त्याच्या या उत्तराला वैद्यकात स्वतंत्र नाव आहे, कायनेसिओफोबिया, हालचालीची भीती. दुखेल या भीतीने माणूस हलत नाही, न हलल्याने स्नायू वाळतात, सांधा आखडतो, मग हलवले की खरेच जास्त दुखते आणि भीती पक्की होते. रॉड घातलेली नडगी सर्जनने परवानगी दिल्यावर भार घ्यायला तयार असते. तयार नसते ते मन. आणि इथेच देव आणि दोस्त या दोघांचा प्रवेश होतो, कुठल्याही लहरींशिवाय.

२००८ साली ऑक्सफर्डमध्ये कात्या वीच आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. तो गोव्यात केला असता तर स्वयंसेवकांची रांग लागली असती. बारा श्रद्धाळू कॅथलिक आणि बारा देव न मानणारे. त्यांना एमआरआय यंत्रात झोपवून हाताला विजेचे चटके दिले. समोर कधी मेरीचे चित्र, कधी लिओनार्दोने रंगवलेल्या एका स्त्रीचे. मेरीचे चित्र समोर असताना कॅथलिकांना चटका कमी दुखला, आणि मेंदूच्या पुढच्या भागात उजवीकडे, एखाद्या गोष्टीचा अर्थ बदलून ती सोसायची करण्याशी संबंधित जागा सक्रिय दिसली. न मानणाऱ्यांना दोन्ही चित्रे सारखीच. चित्रातून काही निघत असते तर त्यांनाही फरक पडला असता. पडला तो श्रद्धा बाळगणाऱ्या मेंदूमुळे.

दुसऱ्याने केलेल्या प्रार्थनेची गोष्ट वेगळी. अमेरिकेत हृदयाची बायपास झालेल्या १८०२ रुग्णांवर मोठी चाचणी झाली, निष्कर्ष २००६ मध्ये आले. ज्यांच्यासाठी प्रार्थना झाली पण ती झाली का हे ज्यांना ठाऊक नव्हते, त्यांच्यातल्या ५२ टक्क्यांना गुंतागुंत झाली. प्रार्थना न झालेल्यांत ५१ टक्के. आणि आपल्यासाठी प्रार्थना होते आहे हे ज्यांना नक्की ठाऊक होते त्यांच्यात ५९! बहिणीला हे सांगितले तर ती म्हणाली, "तुझी देवी अमेरिकेत नाही." यावर मी काय बोलणार?

दोस्तांची बाजू त्यामानाने भक्कम आहे. जेम्स कोन यांनी २००६ मध्ये सोळा विवाहित स्त्रियांना विजेचा झटका बसणार अशी धास्ती दिली आणि मेंदू पाहिला. नवऱ्याचा हात हातात असताना धोक्याला प्रतिसाद देणारे भाग शांत झाले. अनोळखी माणसाच्या हातानेही थोडा फरक पडला. ज्यांचे नवऱ्याशी चांगले जमत होते त्यांना सर्वाधिक. ताणाचा परिणाम तर थेट जखमेवर दिसतो. १९९८ साली ओहायोत दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांच्या टाळूला एकदा सुट्टीत आणि एकदा परीक्षेच्या तोंडावर साडेतीन मिलिमीटरची बारीक जखम केली. परीक्षेच्या वेळी ती भरायला सरासरी ४० टक्के जास्त वेळ लागला. कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक दीर्घकाळ चढे राहिले तर ऑस्टिओब्लास्टनाही दाबते, ही जुनी माहिती आहे.

भाच्याचा तो सासष्टीचा दोस्त संध्याकाळी येई, काटा पुढे सरकवी आणि म्हणे, "भियेनाका रे, पांय दवर." (घाबरू नकोस रे, पाय ठेव.) बारा किलो. दुसऱ्या दिवशी चौदा. हुकला त्या दिवशी शिव्या. बहीण सकाळी देवीचा अंगारा लावी, त्यानंतरची फेरी तो कुरकुर न करता करी. त्या नडगीवर रोज थोडा भार आणायला या दोघांनी जेवढे केले तेवढे कुठल्या इंजेक्शनला जमले नसते.

अर्थात पाय किती टेकवायचा हे सर्जनने ठरवायचे. गुडघ्याच्या किंवा घोट्याच्या सांध्यातली मोड असेल तर आठवडेच्या आठवडे अजिबात भार नको असतो आणि तिथे उत्साही दोस्त घातक. तसेच श्रद्धेच्या नावाखाली मोडीवर बांबूच्या कामट्या आवळून घेऊ नका. सूज चढते, रक्त अडते, बोटे काळी पडतात, आणि मग पाय वाचवायची वेळ येते. कांडवेलीचा लेप घरातल्यांच्या समाधानासाठी लावायचा तर उघडी जखम सोडून लावा. खायचे म्हणाल तर तारले, बांगडे, अंडी, डाळ, जे परवडेल ते प्रथिन. श्रावणात मासे सोडले असतील तर डाळ-दूध वाढवा.

दोस्तांबद्दल एक तक्रार मात्र आहे. भेटायला येणाऱ्यांपैकी निम्मे खिशात सिगारेटचे पाकीट घेऊन येतात आणि बाल्कनीत रुग्णालाही एक देतात, 'बिचारा कंटाळलाय' म्हणून. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात. आधीच बेताचा रक्तपुरवठा असलेल्या नडगीला हे परवडत नाही. धूम्रपान करणाऱ्यांचे हाड जुळायला जास्त वेळ लागतो आणि न जुळण्याचा धोकाही वाढतो. फेणीचेही तेच, वर कुबड्या घेऊन तोल जातो तो वेगळाच. तेव्हा भेटायला जाताना पाकीट स्कूटरच्या डिकीत ठेवा आणि वर जाऊन वजनकाटा पुढे सरकवा.