अलंकरण (वास्तू आणि कला)

अलंकरण: वास्तूवर किंवा वस्तूवर कोरलेली, रंगवलेली वा जडवलेली शोभा. भारतीय परंपरेत ती बांधकाम संपल्यावर वरून चढवायची बाब नाही. दारावरच्या गणेशपट्टीने विघ्न अडते, देवळाच्या उंबऱ्यावरचे कीर्तिमुख, म्हणजे सिंहासारखा उग्र कोरीव चेहरा, अनिष्ट गिळते, अशी श्रद्धा तिच्यामागे असते. देखणेपण हा त्यातला एक भाग, बहुधा पहिला नव्हेच.

नागपुरात भोसलेकालीन अलंकरण पाहायचे तर महाल भागात जावे. देवळाचे कोरीवकाम बाहेरून, येणाऱ्याजाणाऱ्या सर्वांसाठी असते. मराठा वाड्याची रस्त्याकडची भिंत मात्र कोरडी. नक्षी दाराच्या चौकटीवर आणि आत चौकात, सुरूच्या झाडासारख्या निमुळत्या लाकडी खांबांवर व केळफुलाच्या आकाराच्या लोलकांवर. म्हणजे ती घरच्यांसाठी आणि मानाच्या पाहुण्यांसाठी. जवळची चितारओळ आज गणपतीच्या मूर्तींसाठी ओळखली जाते. नावात चितारी, म्हणजे रंगकाम करणारे कारागीर, टिकून आहेत.

अलंकरण टिकाऊच हवे असेही नाही. पोळ्याला बैलाच्या शिंगांना बेगड लागते, पाठीवर झूल पडते. तान्ह्या पोळ्याला मुले लाकडी बैल तसेच नटवतात. सजावट लगेच उतरते, पण बैलाला तोरणाखाली बिनसजावटीचा उभा करणे शोभत नाही. इथे सजवणे हाच मान.

विसाव्या शतकाच्या आरंभी व्हिएन्नाचे वास्तुकार आडोल्फ लोस यांनी अलंकरण म्हणजे श्रम आणि पैशाची नासाडी, असे ठासून मांडले. नक्षीची फॅशन शिळी होते आणि चांगली वस्तूही टाकून द्यावी लागते, हा त्यांचा मुद्दा. तर्क चोख आहे. कीर्तिमुखाला तो लागू पडत नाही, कारण ते फॅशन म्हणून आलेलेच नाही.

नागपुरातले सर्वांत बोलके उदाहरण दीक्षाभूमीचे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी जिथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तिथे वास्तुकार शिवदान मल यांच्या आराखड्याचा स्तूप उभा असून त्याचे उद्घाटन २००१ मध्ये झाले. प्राचीन स्तूप भरीव असत. हा आतून पोकळ आहे. बांधणी आजची, पण तोरणे, म्हणजे कोरीव प्रवेशद्वारे, मध्य प्रदेशातल्या सांचीच्या प्राचीन स्तूपाच्या वळणाची आणि त्यांवर अशोकचक्र. सांचीच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत-कारागिरांनी आपले काम लेखात नोंदवून ठेवले आहे. त्या कारागिरांच्या तोरणांशी इथला बौद्ध समाज आपले नाते सांगतो, म्हणून याला जुन्याची नक्कल म्हणणे उथळपणाचे ठरेल. विदर्भातल्या विहारांच्या कमानींवर आणि कित्येक घरांच्या लोखंडी फाटकांतही तेच चक्र दिसते.