बंबात ओलं घालू नये

ज्यांच्या घरी तांब्याचा बंब होता, त्यांना कचऱ्यापासून विजेचं अर्धं शास्त्र आधीच ठाऊक आहे. करवंट्या घातल्या की पाणी कढत; ओलं लाकूड घातलं की नुसता धूर, आणि आंघोळीआधीच डोळ्यांतून पाणी.

देवनारची कचराभूमी १९२७ पासूनची. जानेवारी २०१६ मध्ये तिथे आग लागली, तेव्हा धूर उपग्रहांनीही टिपला. कचरा एवढा पेटतोच, तर भट्टीत जाळून वीज का करत नाहीत, असं तेव्हा बरेच जण विचारायचे. उत्तर आपल्या डब्यात आहे. मुंबईच्या घरगुती कचऱ्यात निम्म्याहून जास्त भाग ओला: साली, देठं, शिळा भात, माशांचे काटे, चहाचा चोथा.

एक किलो भाजीच्या सालींचा हिशेब करू. त्यात साधारण ८०० ग्रॅम पाणी. त्याची वाफ करायला जवळपास ५०० किलोकॅलरी लागतात. उरलेला २०० ग्रॅम सुका भाग पूर्ण जळाला, तर सुमारे ८०० किलोकॅलरी मिळतात. म्हणजे मिळकतीचा मोठा वाटा पाणी उकळण्यातच गेला. शिवाय डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्यं नष्ट व्हायची तर भट्टी ८५० अंशांच्या वर राहायला हवी. दिल्लीत तिमारपूरला १९८७ मध्ये उभारलेला प्रकल्प कचऱ्यात पुरेशी उष्णताच नसल्यामुळे लगेच बंद पडला. आणि पावसाळ्यात तर आपल्या कचरागाड्या रस्ताभर पाणी गाळत जातात!

२०१६ च्या घनकचरा नियमांनी म्हणूनच आकडा घालून दिला: पुनर्वापर न होणारा, किलोमागे १५०० किलोकॅलरी किंवा त्याहून जास्त उष्णता देणारा कचरा कचराभूमीवर टाकायचा नाही, त्यापासून ऊर्जा मिळवायची. मळकं प्लास्टिक, चिंध्या, थर्माकोल असला माल भट्टीचा. तोही जळून राख उरतेच. धुराच्या गाळणीत अडकणारी बारीक राख विषारी असते, ती वेगळी जपून ठेवावी लागते. भट्टी म्हणजे कचरा गायब, हा समज सोडलेला बरा.

ओल्या कचऱ्याला मात्र जाळायचं नसतं, पचवायचं असतं. हवाबंद टाकीत जिवाणू तो कुजवतात आणि बायोगॅस निघतो, ज्यात ५५ ते ६० टक्के मिथेन. हाच मिथेन कचऱ्याच्या डोंगरातून मोकळा सुटला, तर शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट वातावरण तापवतो. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेल्या ‘निसर्गऋण’ संयंत्रात कचरा आधी मिक्सरमधून लगदा होऊन गरम पाण्यासोबत हवेशीर टाकीत जातो, मग हवाबंद टाकीत. नीट चाललं तर टनामागे ८० ते १०० घनमीटर गॅस, म्हणजे घरगुती अडीच-तीन सिलिंडरांएवढी ऊर्जा. हाजी अलीजवळ २०२२ मध्ये अशाच गॅसच्या विजेवर गाड्या चार्ज करायची सोय झाली.

या टाकीचं पोट नाजूक. करवंटी, हाडं, अंड्याची टरफलं तिला चालत नाहीत. लिंबा-संत्र्याच्या साली फार झाल्या तर त्यांतल्या तेलाने जिवाणू मंदावतात. आणि लग्नाच्या हॉलमधलं उरलेलं जेवण एकदम ओतलं, की आत आम्ल साचतं आणि गॅस बंद. वैद्य सांगतील तोच उपाय, लंघन: काही दिवस कचरा घालणं थांबवायचं, थोडा चुना, शेणाचा काला, आणि वाट पाहायची.