मोहन आधी, पाणी मागाहून

शंकरपाळे दगडासारखे झाले की घरात निदान ठरलेलं असतं: मोहन कमी पडलं. बऱ्याचदा ते पुरेसं असतं, पण पिठाला नीट चोळलेलं नसतं.

मोहन म्हणजे पीठ भिजवण्याआधी त्यात घातलेलं कडकडीत तेल किंवा तूप. सगळी गंमत त्या 'आधी'त आहे. गव्हात ग्लायडिन आणि ग्लुटेनिन ही प्रथिनं असतात. पाणी मिळालं आणि पीठ मळलं गेलं की ग्लुटेनिनच्या लांब साखळ्या सल्फरच्या बंधांनी एकमेकींना जोडल्या जातात, ग्लायडिन त्यांच्यामध्ये शिरून त्यांना घसरू देतं, आणि ग्लुटेनची लवचीक जाळी तयार होते. कणकेचा गोळा नळाखाली धूत राहा. स्टार्च दुधाळ होऊन वाहून जातो आणि हातात चिवट गोळी उरते, ती हीच. इटलीतल्या बेक्कारी या शास्त्रज्ञाने तिचं वर्णन १७४५ साली छापलं.

ही जाळी पोळीला हवी, शंकरपाळ्याला नको. चोळलेलं मोहन पिठाच्या कणांवर बसतं, पाणी प्रथिनांपर्यंत कमी पोचतं, जाळी तुटक राहते आणि तळलेला तुकडा दाताखाली चटकन मोडतो. तेल गरम घेतात, कारण तापल्यावर ते पातळ होऊन सगळीकडे पसरतं. ओतताना चर्र वाजते ती पिठातल्याच ओलाव्याची वाफ. मुठीत दाबल्यावर पिठाचा मुटका वळला, की चोळणं पुरे.

पुरणपोळीच्या कणकेला मात्र भरपूर तेल लावतात ते भिजवल्यावर. तोवर जाळी विणून झालेली असते. तेल तिला तोडत नाही, म्हणून पारी पुरणावर ताणली तरी फाटत नाही.

(फराळाच्या दिवसांत 'मैदा आतड्याला चिकटतो' हा फॉरवर्ड हमखास येतो. मैद्यात कोंडा नसतो ही तक्रार रास्त, पण त्यातला स्टार्च आणि प्रथिनं पाचकरसांनी मोडतात. चिकटायला उरतं काय?)

आता चकली. तांदूळ, हरभरा डाळ, उडीद डाळ यांच्या भाजणीत ग्लुटेन नाहीच, मग मोहन कशाला? इथे पीठ धरून ठेवतो तो भिजलेला स्टार्च आणि उडदाचा चिकटपणा. मोहन ती पकड थोडी सैल करतं, म्हणून चकली कडक न होता खुसखुशीत होते. जास्त झालं तर पकडच सुटते आणि चकली कढईत विरघळते. अशा वेळी उरलेल्या गोळ्यात थोडी कोरडी भाजणी आणि पाण्याचा हबका घालून पुन्हा मळायचं.