शनिवारचं फुटबॉल आणि रविवारचं फुटबॉल

२०२४ च्या सप्टेंबरात मामा कोल्हापूरहून अमेरिकेत आमच्याकडे, मिशिगन विद्यापीठाच्या गावी, अ‍ॅन आर्बरला आले. आल्या आल्या शनिवारी घरात टीव्हीवर फुटबॉल, रविवारी परत फुटबॉल. तीच हेल्मेटं, तोच लांबुळका चेंडू, तीच धुमश्चक्री. सोमवारी चहाच्या वेळी त्यांनी विचारलं, "काल परत तेच दाखवलं काय रे?"

हा प्रश्न मला भारतातून आलेल्या जवळपास प्रत्येक पाहुण्याने विचारलाय. शनिवारी असतं ते कॉलेज फुटबॉल आणि रविवारी एनएफएल, म्हणजे धंदेवाईक फुटबॉल. इथल्या मराठी मंडळींचं यावरचं ठरलेलं उत्तर असं : "कॉलेज म्हणजे रणजी आणि एनएफएल म्हणजे आयपीएल." अनेक वर्षं मीही हेच सांगायचो. ऐकायला सोपं, पण साफ चूक. रणजीच्या सामन्याला प्रेक्षक मोजायला दोन हातांची बोटं पुरतात असं आपण गमतीने म्हणतो. आमच्या गावातल्या मिशिगन स्टेडियमची क्षमता आहे १,०७,६०१, आणि १९७५ पासून इथे अधिकृत प्रेक्षकसंख्या लाखाच्या खाली आलेली नाही (करोनाच्या वर्षी प्रेक्षकांनाच बंदी होती, ते सोडून द्या). एनएफएलचं सगळ्यात मोठं मैदान न्यूयॉर्कच्या संघांचं, त्यात साधारण ८२,५०० माणसं मावतात. मग कनिष्ठ कोण आणि वरिष्ठ कोण?

वयाचा हिशोबही उलटाच आहे. रटगर्स आणि प्रिन्स्टन या कॉलेजांमधला पहिला सामना ६ नोव्हेंबर १८६९ चा. तेव्हाचा खेळ आजच्यापेक्षा आपल्या ओळखीच्या फुटबॉलसारखाच जास्त होता. रटगर्सने तो ६–४ असा जिंकला. एनएफएलचा जन्म १९२० चा, ओहायोतल्या कँटन गावातला. म्हणजे कॉलेज फुटबॉल ही वरच्या मजल्यावर जायला बांधलेली पायरी नव्हे. घर आधीपासूनच होतं, एनएफएलने त्यावर मजला चढवला.

हे नीट कळायला बेसबॉलकडे बघावं लागतं, कारण तिथे सगळं उलटं घडलं. बेसबॉलच्या धंदेवाईक संघांनी आपली रोपवाटिका स्वतः लावली. १९२० च्या दशकात सेंट लुईस कार्डिनल्सच्या ब्रांच रिकीने छोट्या गावांतले संघ हाताशी धरून तिथे आपले खेळाडू तयार करायला सुरुवात केली, आणि बघता बघता बाकीच्यांनी त्याचीच नक्कल केली. आज मेजर लीगच्या, म्हणजे सर्वात वरच्या धंदेवाईक लीगच्या, ३० संघांच्या हाताखाली प्रत्येकी चार, असे १२० संघ आहेत. आमच्या डेट्रॉइट टायगर्सचा सगळ्यात वरच्या पायरीवरचा संघ टोलीडोला खेळतो, गाडीने तासाभरावर. त्यामुळे बेसबॉलमधला होतकरू पोरगा शाळा सुटल्यावर थेट पगारावर खेळायला जाऊ शकतो. कॉलेजचा बेसबॉलही चांगला असतो, पण मिशिगनचा संघ २०१९ मध्ये ओमाहात होणाऱ्या राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम फेरीपर्यंत गेला तेव्हा गावातल्या निम्म्या लोकांना त्याचा पत्ता नव्हता.

एनएफएलला असा खर्च कधी करावाच लागला नाही. कॉलेजं पोरं तयार करून देतच होती. एनएफएलने फक्त एवढा नियम केला की शाळा संपून तीन वर्षं झाल्याशिवाय कुणाला घ्यायचं नाही. फुकटची नर्सरी आणि वर कुंपणसुद्धा! त्या बदल्यात सप्टेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत एनएफएल शनिवारच्या वाटेला जात नाही. यामागे १९६१ चा कायदा आहे. शुक्रवारची रात्र शाळांची, शनिवार कॉलेजांचा, रविवार धंद्याचा, अशी वाटणी त्यातूनच पडली.

मामांना मी हे सगळं सांगत होतो, ते मान डोलवत होते, पण डोळ्यांत काही उमटत नव्हतं. मग म्हटलं, "मामा, एनएफएलचा संघ विकला जातो, शहर बदलतो. कॉलेजचा संघ कुठे जात नाही. आजोबा इथे शिकले म्हणून नातू याच संघाचा. आणि सगळ्यात मोठं वैर शेजाऱ्याशी." मामा एकदम सरसावून बसले. "म्हंजे पेठेचं हाय की हे! पाटाकडील आणि शिवाजी!" शाहू स्टेडियमवर तालमींचे फुटबॉल सामने बघत ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांना पुढचं काही समजवावं लागलं नाही. रणजी–आयपीएलची उपमा मी त्या दिवशी कायमची टाकून दिली.

आता नियम. वरवर सारखे, पण फरक आहेत तिथे खेळाचा चेहराच बदलतो.

सगळ्यांना माहीत असलेला फरक पायाचा. चेंडू झेलताना कॉलेजमध्ये एक पाय मैदानात टेकला की झेल पक्का, एनएफएलमध्ये दोन्ही टेकावे लागतात. १ फेब्रुवारी २००९ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्यात, पिट्सबर्गच्या सँटोनियो होम्सने शेवटची ३५ सेकंदं उरलेली असताना कोपऱ्यात घेतलेला झेल बघा. सगळं शरीर रेषेबाहेर झुकलेलं, हात डोक्यावर ताणलेले आणि खाली दोन्ही बुटांची फक्त टोकं गवतात रुतलेली. सामना तिथेच जिंकला. आता त्याच्याशेजारी मिशिगनच्या चार्ल्स वुडसनने १९९७ मध्ये मिशिगन स्टेटविरुद्ध पकडलेला चेंडू ठेवा : उंच उडी, एका हातात चेंडू आणि उतरताना एकच पाय रेषेच्या आत. रविवारी ही गोष्ट धरलीच नसती. शनिवारी ती दंतकथा झाली, आणि त्या वर्षीचा हाइसमन, म्हणजे कॉलेज फुटबॉलच्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, प्रामुख्याने बचाव करणाऱ्या या खेळाडूला मिळाला.

दुसरा फरक गुडघ्याचा. कॉलेजमध्ये चेंडूवाला नुसता पाय घसरून पडला तरी खेळ थांबतो. एनएफएलमध्ये कुणाचा हात लागला नसेल, तर त्याने उठून पळायचं.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो मात्र कुणीच न सांगणारा फरक : हॅश मार्क, म्हणजे मैदानाच्या मधल्या भागात उभ्या जाणाऱ्या बारीक रेघांच्या दोन रांगा. खेळ कडेला थांबला, तर चेंडू जवळच्या रांगेवर आणून पुढची चाल सुरू करतात. मैदानाची रुंदी दोन्हीकडे १६० फूट. एनएफएलमध्ये या दोन रांगांत साडेअठरा फुटांचं अंतर आहे, त्यामुळे चेंडू कायम जवळपास मध्यावर राहतो. कॉलेजमध्ये हे अंतर ४० फूट. म्हणजे चेंडू डाव्या रांगेवर असला, तर डावीकडे ६० फूट आणि उजवीकडे १०० फूट जागा. त्या मोकळ्या शंभर फुटांत चलाख प्रशिक्षक काय काय करतात! चपळ पोरांना त्या बाजूला पळवतात. क्वार्टरबॅक, म्हणजे चाल चालवणारा खेळाडू, स्वतः पळेल, शेजारच्याला देईल की फेकेल, हे शेवटच्या क्षणापर्यंत कळू देत नाहीत. आर्मी आणि नेव्ही या लष्करी अकादमींचे संघ आजही चेंडू फारसा न फेकता, पळून पळून सामने जिंकतात. कॉलेजचे शंभरावर संघ शंभर तऱ्हांनी खेळतात. एनएफएलचे ३२ संघ खेळतात उत्कृष्ट, पण बरेचसे सारखेच.

२१ सप्टेंबरला मामांना स्टेडियमवर नेलं, पाहुणा संघ लॉस एंजेलिसचा यूएससी. मिशिगनने त्या दिवशी चेंडू फेकून किती यार्ड मिळवले? सगळे मिळून ३२. एनएफएलमध्ये एवढ्याशा आकड्यावर क्वार्टरबॅकची नोकरी जाईल. शेवटच्या मिनिटात आम्ही मागे होतो. चौथा आणि शेवटचा प्रयत्न, गोल रेषा एका यार्डावर. आम्ही उभे होतो त्या बाकावर मामांनी माझा दंड इतका घट्ट धरला होता की नंतर वळ दिसत होते. केलेल मलिंग्ज चेंडू पोटाशी धरून गर्दीत घुसला, ३७ सेकंदं बाकी असताना पलीकडे गेला, आणि सामना २७–२४ असा आमचा. मामा भोवतालच्या पिवळ्याधमक गर्दीला टाळ्या देत सुटले होते.

जादा वेळेचंही सांगायला हवं. एनएफएलचा साखळी सामना बरोबरीत सुटू शकतो. कॉलेजमध्ये दोघांना आळीपाळीने २५ यार्डांवरून संधी देतात आणि निकाल लागेपर्यंत सोडत नाहीत. २०१८ मध्ये टेक्सस ए अँड एमने एलएसयूला सात जादा फेऱ्यांनंतर ७४–७२ असं हरवलं. मला हा प्रकार फार आवडतो. बेसबॉलमध्ये नऊ डावांत बरोबरी झाली तर २०२० पासून दहाव्या डावापासून दुसऱ्या बेसवर फुकटचा धावपटू उभा करतात, तो मात्र मला बघवत नाही. दोन्ही युक्त्या एकाच जातीच्या आहेत, हे बायकोने दाखवून दिलंय. माझ्याकडे उत्तर नाही.

पण खरा फरक हरण्याच्या किमतीत आहे. बेसबॉलचा संघ १६२ सामने खेळतो. ऑगस्ट २०२४ मध्ये टायगर्स ५५ विजय, ६३ पराभव असे गाळात होते. तिथून त्यांनी ३१ जिंकले, १३ हरले आणि बादफेरी गाठली. हंगामात ७६ वेळा हरूनही! मामा ते सामने रात्री जेवताना बघायचे, मध्ये उठून फोनवर बोलायचे, परत यायचे. बेसबॉल असाच बघायचा असतो. एक हार म्हणजे पावसाळ्यातला एक ओला दिवस.

एनएफएलमध्ये सामने १७. हार बोचते, पण व्यवस्था सांभाळून घेते. २००८ मध्ये डेट्रॉइट लायन्स सोळाच्या सोळा सामने हरले. बक्षीस म्हणून कॉलेजमधून येणाऱ्या खेळाडूंच्या पुढच्या निवडीत पहिला नंबर त्यांचा, आणि त्यातून मॅथ्यू स्टॅफर्ड मिळाला. पगारावरही १९९४ पासून मर्यादा आहे, कुणी फार पुढे जाऊ नये म्हणून.

कॉलेजचे सामने जेमतेम १२. हरणाऱ्याला कुणी बक्षीस देत नाही. १ सप्टेंबर २००७ ला मी विद्यार्थ्यांच्या स्टँडमध्ये होतो. आम्ही देशाच्या क्रमवारीत पाचव्या क्रमांकावर, समोर अ‍ॅपलाशियन स्टेट, खालच्या गटातला संघ, हंगामाची सुरुवात गोड व्हावी म्हणून बोलावलेला. शेवटी ३४–३२ अशी त्यांची आघाडी आणि आमची शेवटची किक. ती अडवली गेली. लाखभर माणसं गप्प झाली की कसा आवाज येतो, ते मला त्या दिवशी कळलं : समोरच्या कोपऱ्यातल्या त्यांच्या मूठभर लोकांचा आरडाओरडा शब्दन्‌शब्द ऐकू येत होता. हंगामाच्या पहिल्याच दिवशी हंगाम संपला. त्याच्या आधीच्या ऑक्टोबरात टायगर्स वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलची अंतिम मालिका, हरले होते, साखळीत फक्त ८३ सामने जिंकलेल्या कार्डिनल्सकडून, आणि आमच्या गोलंदाजांनीच चेंडू हाताळताना पाच चुका केल्या होत्या. वाईट वाटलं, झोप मात्र लागली.

या बाबतीत आता कॉलेजवाले स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेताहेत. २०२१ पासून खेळाडूंना नाव आणि चेहरा विकून पैसे मिळवता येतात. हे व्हायलाच हवं होतं, पोरांच्या घामावर बाकी सगळे गब्बर होत होते. खटकतं ते दुसरंच. टीव्हीच्या पैशासाठी शेजारपाजारच्या कॉलेजांचे शंभर वर्षांचे गट मोडले. त्या सप्टेंबरातला यूएससी हा पाहुणा नव्हता, तो आता आमच्याच 'बिग टेन' गटात आहे. या टेनमध्ये संघ आहेत अठरा. कॅलिफोर्नियातलं स्टॅनफर्ड अटलांटिक किनाऱ्याच्या गटात खेळतं. पेठेच्या स्पर्धेत उद्या नागपूरचा संघ घेतला तर? मामा म्हणाले, "तिकिटं खपतील, पण भांडणं कोण करणार?"

आणि बादफेरी. २०२४ पर्यंत अजिंक्यपदाच्या फेरीत चारच संघ असायचे. आदल्या वर्षी फ्लोरिडा स्टेट तेराच्या तेरा सामने जिंकूनही बाहेर राहिलं, तो अन्यायच होता. आता बारा संघ घेतात, हे न्यायाचं आहे, एनएफएलसारखं आहे. आणि म्हणूनच नोव्हेंबरातल्या शनिवारची धार गेली, असं माझं मत.

त्याचा पुरावा लगेच मिळाला. ३० नोव्हेंबरला आम्ही ओहायो स्टेटच्या घरी गेलो. ते दुसऱ्या क्रमांकावर, आम्ही क्रमवारीत कुठेच नाही. १३–१० ने आम्ही जिंकलो. मामांनी दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांना पेढे म्हणून माझ्या फ्रिजमधल्या सगळ्या बर्फ्या वाटल्या. पण पूर्वी ज्या हारीने ओहायोचा हंगाम संपला असता, तिच्यानंतरही ते बारांत होते. पुढचे चारही सामने जिंकून २० जानेवारीला नोत्र दामला ३४–२३ असं हरवून ते राष्ट्रीय विजेते झाले.

मामा तोवर कोल्हापूरला परतले होते. दुसऱ्या दिवशी फोन आला.

"ओहायो जिंकलं म्हणं?"

"जिंकलं मामा."

"मग नोव्हेंबरात आपण हरवलं ते कुणाला?"

"त्यांनाच."

पलीकडे थोडा वेळ शांतता. "त्यांच्याच घरी ना?"

"त्यांच्याच घरी."

"मग झालं तर," म्हणाले, आणि मामीला फोन दिला.