कागद, कातर आणि रंगांचे थर : डिझाइनच्या वर्गातील कोलाजची पार्श्वभूमी

ठाणे आणि नवी मुंबईतील डिझाइन, फॅशन व वास्तुकलेच्या महाविद्यालयांत पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना रंगीत कागद, मासिकांची कात्रणे, कापडाचे तुकडे किंवा जिलेटिन कागद एकावर एक मांडून रचना करण्याचे, म्हणजे कोलाजचे, काम बहुधा दिले जाते. पुष्कळ पालकांना ते बालवाडीतले चिकटकाम वाटते आणि खरे सांगायचे तर काही कामे त्यापलीकडे जातही नाहीत. या अभ्यासामागचा इतिहास मात्र बराच जुना आहे. तो चित्रकारांनी घडवला, तितकाच रंगाऱ्यांनी आणि छापखान्यातल्या कारागिरांनीही घडवला.

त्यातला पहिला महत्त्वाचा माणूस चित्रकार नव्हता. मिशेल शेव्हरल हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ 1824 पासून पॅरिसच्या गोब्लँ या भित्तिवस्त्रांच्या कारखान्यात रंगविभागाचे प्रमुख होते. तिथे काळा धागा हवा तितका गडद दिसत नाही, अशी तक्रार होती. शेव्हरल यांनी तपासणी केली तेव्हा रंगात खोट आढळली नाही. त्या धाग्याशेजारी विणलेल्या रंगांमुळे काळा फिका भासत होता. शेजारचा रंग बदलला की मधला रंगही बदलल्यासारखा दिसतो, हा नियम त्यांनी 1839 मध्ये सविस्तर मांडला. पुढे युरोपातील चित्रकारांनी तो उचलला आणि आज वर्गात शिकवल्या जाणाऱ्या रंगसंगतीचा पायाही तोच आहे.

कोलाजचा उगम सहसा 1912 या वर्षात धरला जातो. त्या वर्षी पॅरिसमधील चित्रकार पिकासो यांनी वेताच्या विणीचे चित्र छापलेले मेणकापड कॅनव्हासवर चिकटवले आणि त्यांचे सहकारी चित्रकार ब्राक यांनी लाकडाच्या रेषांची नक्कल असलेला भिंतीचा कागद कापून चित्रात वापरला. दोघांनीही निवडलेली वस्तू आधीच छापलेली होती, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे, कारण स्वस्त छपाईमुळे घरोघरी कागदाचा सुळसुळाट झाला नसता तर कोलाज इतका फोफावला नसता. पहिल्या महायुद्धानंतर बर्लिनमध्ये हाना होख यांनी सचित्र नियतकालिकांतील छायाचित्रे कापून राजकीय टीकेची चित्रे रचली, तर कुर्ट श्विटर्स यांनी ट्रामची तिकिटे आणि रद्दी वापरली.

हे सारे वर्गात आले ते 1919 मध्ये जर्मनीतील वायमार येथे स्थापन झालेल्या बाउहाउस या कला व डिझाइनच्या शाळेमुळे. योहानेस इटेन यांच्या प्राथमिक अभ्यासक्रमात विद्यार्थी लाकूड, तार, कापड, पिसे अशा वस्तूंची रचना करून पोतांमधला विरोध पाहत. इटेन 1923 मध्ये शाळा सोडून गेल्यावर हे काम मोहोली-नॉग्य आणि योझेफ आल्बर्स यांच्याकडे आले. आल्बर्स यांचा रंगाचा प्रसिद्ध पाठ अनेकदा बाउहाउसच्या नावावर खपवला जातो. वास्तविक तिथे ते प्रामुख्याने कागदाच्या घड्या आणि सामग्रीची काटकसर शिकवत असत. नाझींच्या दबावामुळे 1933 मध्ये शाळा बंद झाली, आल्बर्स अमेरिकेत गेले आणि तिथे ब्लॅक माउंटन कॉलेज व पुढे येल विद्यापीठात त्यांचा रंगाचा पाठ आकाराला आला.

या पाठात त्यांनी रंगांऐवजी रंगीत कागद वापरला, आणि त्यामागे व्यवहारी कारण होते. घोटलेला रंग दुसऱ्या दिवशी तसाच जमत नाही. कागदाचा रंग मात्र कितीही वेळा तोच राहतो, त्यामुळे विद्यार्थ्याचे सारे लक्ष शेजारच्या रंगाचा परिणाम पाहण्याकडे लागते. एकाच कागदाचे दोन तुकडे वेगवेगळ्या पार्श्वभूमींवर ठेवून ते दोन निराळे रंग आहेत असे भासवणे, हा त्यातला एक स्वाध्याय. दुसरा अधिक कठीण : तीन अपारदर्शक कागद असे निवडायचे की एक पारदर्शक पट्टी दुसरीवर आली आहे असा भास व्हावा. थरांचा अभ्यास याहून नेमका क्वचितच कुणी मांडला असेल.

भारताची बाउहाउसशी ओळख लवकर झाली होती. डिसेंबर 1922 मध्ये कोलकात्याच्या प्रदर्शनात क्ले, कँडिन्स्की आणि इटेन या तिथल्या शिक्षक-चित्रकारांची कामे लागली होती. मुंबईत मात्र शिक्षणाची वाट वेगळी होती. 1857 मध्ये सुरू झालेल्या जे. जे. कला महाविद्यालयात 1935 मध्ये व्यावसायिक कलेचा विभाग निघाला आणि 1961 मध्ये उपयोजित कलेची स्वतंत्र संस्था झाली. त्याच वर्षी अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. शाळकरी मुलांपर्यंत पोहोचल्या त्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा. त्यांतील संकल्पचित्रामुळे पोस्टर कलर सपाट भरण्याची आणि कडा नेटक्या राखण्याची सवय पिढ्यान्‌पिढ्या लागली, पण एक रंग दुसऱ्याला कसा बदलतो हे पाहण्याची सवय त्या मानाने कमी लागली, असे माझे मत आहे.

थरांचा आपल्याकडचा धडा छापखान्यात सापडतो. राजा रविवर्मा यांच्या, 1894 मध्ये मुंबईत सुरू होऊन पुढे मळवलीला हलवलेल्या मुद्रणालयात देवदेवतांची चित्रे शिळाछापावर निघत. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड, आणि एकही दगड किंचित सरकला तर चित्र बिघडणार. जुन्या ठाणे जिल्ह्यातील, म्हणजे 1 ऑगस्ट 2014 पासून पालघरमध्ये गेलेल्या डहाणू-जव्हार भागातील वारली चित्रातही थरच आहेत : कुडाच्या भिंतीवर शेणमातीचा लेप, त्यावर गेरू आणि त्यावर तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ. जिव्या सोमा म्हसे यांनी ही चित्रे कागदा-कापडावर आणली आणि 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. वर्गात वारलीचा उपयोग मात्र बहुतेकदा नाचणाऱ्या आकृत्यांची नक्कल करण्यापुरता होतो. दोनच रंगांत भागवण्याची तिची शिस्त कुणी फारशी घेत नाही.

संगणकावर थर आले ते 1994 मध्ये, फोटोशॉपच्या तिसऱ्या आवृत्तीत. तेव्हापासून कात्रण सरकवणे, झाकणे आणि पुन्हा उघडे करणे फुकट झाले. कापडावर स्क्रीनने, म्हणजे जाळीच्या चौकटीतून रंग दाबून, छपाई करताना मात्र प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन लागते आणि प्रत्येक स्क्रीनचा खर्च वाढतो. डिजिटल छपाईत हे बंधन नसले तरी स्क्रीनची छपाई अजून चालू आहे. त्यामुळे खारघरच्या राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी वस्त्र-डिझाइन शिकणाऱ्याला संगणकाच्या पडद्यावरचे भरमसाट रंग मोजक्या संख्येवर कधी ना कधी आणावेच लागतात. अशा वेळी दोन गुलाबी छटांपैकी एक काढून टाकावी लागते, आणि उरलेली छटा दोन ठिकाणी दोन वेगळ्या रंगांसारखी दिसावी म्हणून तिच्या शेजारचे रंग बदलावे लागतात.